तारेवरची पावती

"ह्यो सुकल्याला मी मागल्या खेपेलाच मोजला हुता," काठीचं टोक तारेवरच्या उंदराला टोचत मेटकाफ म्हणाला. "पुन्यांदा त्येचंच पैसं मागायला काय वाटत न्हाई का गं, आयव्हे?"

"मागल्या खेपेचं समदं काढून म्या वढ्यात टाकलं. तुज्या डोळ्यादेखत टाकलं. ह्यो या हप्त्यातला हाय, वाऱ्यानं सुकलाय. तुला टांगला तर तूबी चार दिसांत असाच सुकशील."

"मला टांगून कोन मोजंल?"

"कुनीबी न्हाई. तुजं काय मोजण्याजोगं हाय?"

फेब्रुवारी होता. स्केलबेकच्या खोऱ्यात अर्धं पाणी आणि अर्धं बर्फ असं काहीतरी आडवं पडत होतं. डोंगराचा माथा ढगात गडप झालेला, आणि खाली मेटकाफच्या कुरणात पाय घोट्यापर्यंत रुतत होता. आयव्ही डार्ग तिच्या आईच्या जुन्या मेणकापडी कोटात उभी होती. साठीला आलेली बाई, अंगाने काटकुळी, पण तोंड असं की कुत्रीसुद्धा तिच्या वाटेला जात नसत. तिच्यामागे काटेरी तारेवर भुईउंदीर ओळीने लटकले होते.

भुईउंदीर म्हणजे मुठीत मावेल एवढा काळा मखमली जीव. डोळे नावापुरते, पुढचे पंजे मात्र फावड्यासारखे. जमिनीखाली बोगदे खणतो आणि माती वर ढकलतो. कुरणात त्याचे ढीग उठले की गवत कापायच्या यंत्राची पाती मोडतात, माती मुरघासात, म्हणजे साठवून मुरवलेल्या चाऱ्यात जाते, आणि तो मुरघास खाऊन मेंढ्या गाभडतात. म्हणून खोऱ्यात उंदीरधऱ्याला बोलावणं येतं. त्याने धरलेला प्रत्येक उंदीर तारेच्या काट्याला अडकवायचा, मालकाने येऊन मोजायचा आणि रोख पैसे द्यायचे. पैसे हातात पडेपर्यंत उंदीर तारेवरून हलवायचा नाही. कागद नाही, सही नाही. आयव्हीची आई नेल असाच धंदा करत आली आणि आईच्या मागे आयव्ही.

मेटकाफ तीनशे एकरांचा धनी. ट्रॅक्टर असा की आत बसलं की गाणी ऐकू येतात. पण पैसे द्यायची वेळ आली की या माणसाचे हात खिशात अडकून बसत. त्याने ओळ दोनदा मोजली, दोन्ही वेळा निराळी आली, आणि कमी आली तीच त्याला पटली.

"आन दुसरं सांगू?" तो म्हणाला. "तुमी उंदीरधरं लई चालू. एक जोडी कायम ठिवता बेण्याला. म्हंजी म्होरल्या साली पुन्ना आमच्या उरावर."

एवढं ऐकून आयव्हीच्या तोंडाचा रंग बदलला. मोजणीत फसवलं तर ती शिव्या देऊन सोडून देई. पण हे निराळं होतं.

"माज्या आयनं बेणं ठिवलं न्हाई आन म्याबी ठिवत न्हाई," ती म्हणाली. "रान साफ केलं म्हनलं की साफ. त्या हंगामात एक जरी ढीग उठला तरी मी फुकट येती. आजवर कुनाला न्हाई म्हनलंय? सांग, कुनाला?"

"बरं बरं, चिडू नगंस. अर्धं आत्ता घी. अर्धं मेंढ्या व्याल्यावर."

अर्धे घेऊन ती गाडीकडे निघाली. दुसरं काय करणार होती? मेटकाफकडे तक्रार म्हणजे दगडाशी गप्पा.

खरी कळ वेगळ्याच ठिकाणी होती. खोऱ्याच्या वरच्या अंगाला जी मोठी जहागीर होती ती मागच्या वर्षी शहरातल्या कुठल्याशा कंपनीने घेतली. मेंढ्या हाकलल्या, कुरणं नांगरली आणि सगळीकडे प्लास्टिकच्या नळ्यांत रोपं खोचली. हवा शुद्ध व्हावी म्हणून म्हणे. शहरात धूर सोडायचा आणि आमच्या कुरणात झाडं लावून पाप फेडायचं, असला सगळा बिनडोक कारभार. झाडांना भुईउंदराचं सोयरसुतक नाही. आयव्हीचं वर्षाचं निम्म्याहून जास्त काम त्या जहागिरीत होतं, ते गेलं. घराचं भाडं मात्र कुठे गेलं नाही. ते दर महिन्याला ठरल्या दिवशी पुढ्यात उभं राहायचं.

तेव्हा कमाई कमी पडणाऱ्यांना सरकार जो भत्ता देतं, त्या भत्त्याच्या कचेरीत तिला जावं लागलं.

आता इथे खरं बोलायला हवं. भत्ता घेणाऱ्यांना आयव्हीने जन्मभर नावं ठेवली होती. गावच्या गुत्त्यात बसून ती म्हणायची, "सरकारच्या आचळाला चिकटल्याली गोचिडं समदी." त्यांत तिची सख्खी चुलतबहीण होती, पाठ मोडलेला शेजारी होता. कुणाला तिने सोडलं नव्हतं. त्यामुळे तालुक्याच्या गावी जाताना तिने गाडी कचेरीसमोर लावली नाही, लांब बाजाराच्या मागे लावली आणि डोक्यावर टोपी ओढून चालत गेली. ओळखीच्या तिघांनी तिला पाहिलंच. तिघेही त्याच कचेरीत निघाले होते.

कचेरी बसकी, विटांची. समोर लोखंडी कठडा आणि आत हिरवळीचा तुकडा. हिरवळीच्या कडेने पिवळी फुलं लावलेली आणि मधोमध पाटी: 'हिरवळीवर चालू नये'. पाटीच्या पायाशी ताज्या मातीचा एक ढीग होता. आयव्हीने तो पाहिला, गालात हसली आणि आत गेली.

आत जांभळे सोफे आणि भिंतीवर दात दाखवणाऱ्या माणसांची चित्रं. नोकरी मिळाली म्हणून एवढं हसणारा माणूस खोऱ्यात कुणी पाहिलेला नव्हता. तिच्या वाट्याला टोबी नावाचा पोरगा आला. गळ्यात पट्टा, पट्ट्याला ओळखपत्र, तोंडावर शिकवून आणलेली माया.

"बसा ना, मिस डार्ग. मी तुमच्या प्रवासात तुमच्या सोबत आहे."

"कसला प्रवास? मी कुटं जाणार न्हाई."

"नाही, म्हणजे कामाच्या प्रवासात. तुम्ही स्वयंरोजगार लिहिलंय. नेमकं काय करता?"

"भुईउंदीर धरती."

टोबीने कळफलकावरचा हात उचलला. "पाळायला?"

"मारायला, बाळा."

त्याने काहीतरी टंकलं. मग त्याने समजावून सांगितलं. कचेरीला असं पटलं पाहिजे की हा धंदा नियमित आहे, व्यवस्थित आहे आणि नफ्यासाठी चालतो. पटलं तर एक वर्षभर भत्ता मिळेल आणि धंदाही चालू ठेवता येईल. नाही पटलं तर भत्ता मिळेल, पण दुसरी नोकरी शोधायच्या अटीवर. रोज अर्ज करायचे, आणि मिळेल ती नोकरी धरायची.

"कसली नोकरी?"

"सध्या कोंबड्यांच्या कारखान्यात जागा आहेत. पॅकिंगमध्ये. बसची सोय आहे."

तो कारखाना आयव्हीला ठाऊक होता. खिडकी नसलेलं पत्र्याचं खोकं. तिथे सहा महिने काढलेला माणूस रविवारी गावात आला तरी वासाने इतरांना नाक मुरडून दूर बसावं लागे. आणि एकदा त्या बसमध्ये चढलं की हंगामात सापळे कोण लावणार? उंदीरधऱ्याने एक हंगाम सोडला की शेतकरी विषाच्या गोळ्या आणतात, नाहीतर भोंगा वाजवणारं यंत्र. मग कुणी परत बोलावत नाही. तिची आई खाटेला खिळेपर्यंत या धंद्यात होती. आयव्हीला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही करायचंही नव्हतं.

"मंग पटवून घ्या की," ती म्हणाली. "मी काय खोटं बोलती?"

"जाहिरात आहे का? वेबसाइट?"

"समदं खोरं वळखतंय मला."

"पावत्या?"

"पावत्या तारंवर हायत."

"कुठल्या तारेवर?"

तिने पद्धत सांगितली. टोबी ऐकत होता आणि ऐकता ऐकता खुर्चीसकट मागे सरकत होता. शेवटी म्हणाला, "हे… म्हणजे हे सिस्टीममध्ये चढवता येणार नाही. निदान एका गिऱ्हाइकाचं नाव द्या. मी फोन करून विचारतो."

आयव्हीने मेटकाफचं नाव दिलं. तो कवडीचुंबक असेल, पण खोऱ्यातला माणूस. लहानपणी एका बाकावर बसलेला. आणि खोऱ्यात परक्यासमोर आपल्या माणसाची लाज काढत नाहीत, असं तिला वाटत होतं. ही तिची चूक. पण तिच्याजागी खोऱ्यातलं कुणीही असतं तरी हेच करतं.

फोन आला तेव्हा मेटकाफ गोठ्यात होता. सरकारी कचेरी एवढं त्याने ऐकलं मात्र, बिनकागदाचे पैसे किती वर्षं दिले, त्यावर कर कुणी भरला, हिशेब कुठे आहे, हे सगळं एका क्षणात त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. तो म्हणाला, "आयव्ही? छ्या, ती कसला धंदा करतीया! नाद हाय तिला उंदराचा. येती, फिरती, धरती. आमीबी म्हनतो, फिरू द्या बापडीला."

आठ दिवसांनी आयव्हीच्या फोनवर निकाल आला. तिने तो खिडकीशी धरून वाचला. भाषा गोड होती. तुमच्या कामाची आम्हाला कदर आहे, अमुक आहे, तमुक आहे. आणि शेवटी लिहिलं होतं की आपण करता ते व्यवसाय नसून छंद या सदरात मोडतं. तरी येत्या सोमवारपर्यंत कोंबड्यांच्या कारखान्यात अर्ज करावा.

छंद! चिखलात गुडघे रोवून, नखांत बर्फ शिरेस्तोवर बोगदा चाचपायचा, तो छंद. जणू काही ती घरी बसून रुमालावर फुलं काढत होती. तिने फोन टेबलावर आपटला आणि आपटल्यावर तो फुटला तर नाही ना म्हणून लगेच उचलून पाहिला. रागाचीही चैन परवडत नव्हती.

मेटकाफला तिने घरी जाऊन गाठलं नाही. त्याची तेवढी लायकी नव्हती. ती थेट त्याच्या खालच्या कुरणात गेली. तिथे तारेवर नवी ओळ होती, अजून न मोजलेली. मोजण्याआधी उतरवले तर मेटकाफ एक दमडी देणार नव्हता. तिला ते ठाऊक होतं. ओळीतले सगळे उंदीर तिने उतरवले, सुतळीत ओवले आणि ती माळ खांद्यावर टाकून तालुक्याला गेली. या वेळी गाडी तिने कचेरीच्या दारातच लावली.

टोबीसमोर एक तरुण जोडपं बसलं होतं. आयव्हीने त्यांना "जरा सरकता का, पोरांनो?" म्हटलं आणि माळ टेबलावर ठेवली. धप्प आवाज झाला. एका उंदराचा पंजा टोबीच्या कळफलकावर पडला.

"ह्या घी पावत्या. चढीव तुज्या सिस्टीममदी."

टोबीचा रंग उडाला. ते तरुण जोडपं मात्र खुशीत आलं. पोरगी म्हणाली, "आई गं, किती मऊ आहे हे!" आणि ती त्यावरून बोट फिरवू लागली. सोफ्यावरचे लोक उठून बघायला आले. दाराशी उभा पहारेकरी पुढे झाला, आणि माळेपासून हातभर अंतरावर थांबला. मेलेल्या उंदराला कसं धरून बाहेर काढतात हे त्याच्या शिकवणीत नव्हतं.

आवाज ऐकून आतल्या खोलीतून मुख्य बाई आली. मिसेस प्रॉक्टर तिचं नाव. केस असे बसवलेले की वादळातही हलू नयेत.

"हा काय प्रकार आहे? हे सरकारी कार्यालय आहे!"

"म्हनूनच आनलं. बगा, मोजा. छंद म्हनताय न्हवं? बाई, ह्यो माज्या छंदाचा एका हप्त्याचा माल."

"हे आत्ताच्या आत्ता उचला. नाहीतर पोलिसांना बोलावते."

"बलवा की. हितल्या पोलिसाचा बाप आमच्याच खोऱ्यातला. त्येच्या परसात म्याच उंदीर धरल्यात."

पण प्रॉक्टरबाईंचा आवाज चढला तेव्हा आयव्हीने माळ उचलली. भांडायला तिची ना नव्हती, पण जे सांगायचं ते सांगून झालं होतं. ती बाहेर पडली. ती खरंच जाते ना हे बघायला प्रॉक्टरबाई दारापर्यंत आल्या, आणि दारातच थबकल्या. त्यांची नजर हिरवळीवर गेली होती.

मागच्या खेपेला एकच ढीग होता. आता पाटीभोवती, फुलांच्या मधून, कठड्याच्या कडेकडेने, जिकडे तिकडे काळी माती उकरलेली होती. पिवळी फुलं मुळांसकट आडवी झाली होती. 'हिरवळीवर चालू नये' ही पाटी एका बाजूला कलली होती.

ही हिरवळ प्रॉक्टरबाईंचा जीव होती. दिवसभर त्या कचेरीत माणसांना अटी घालत आणि संध्याकाळी फुलांना पाणी घालत. पुढच्या महिन्यात वरचे साहेब येणार होते, या हिरवळीवर फोटो निघणार होता, आणि गावातल्या सुंदर बागांच्या स्पर्धेत कचेरीचं नाव होतं.

"देखभालीच्या ठेकेदाराला कळवलंय," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "ते उन्हाळ्यात येतो म्हणतात."

"उनाळ्यापातूर हितं बटाटं लावा," आयव्ही म्हणाली.

बाईंनी माळेकडे पाहिलं. मग हिरवळीकडे. मग पुन्हा माळेकडे. मोठ्या माणसाला गरज लागते तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काय काय होतं ते बघायला आयव्ही मुद्दाम थांबली.

"मिस डार्ग, तुम्ही… म्हणजे तुम्हाला वेळ असेल तर…"

"येळ कसला? सोमवारी कोंबड्या भरायला जायाचंय मला. आन छंद मी दुसऱ्याच्या रानात करत न्हाई, बाई. छंद घरच्या घरी करायचा असतुया."

"आम्ही पैसे देऊ."

"पैसं द्याल. पन छंदाला पैसं कसं देणार? तुमच्याच वहीत बसायचं न्हाई ते."

मागे दारात टोबी उभा होता. तो खाली मान घालून हसला आणि बाईंनी वळून पाहिल्याबरोबर हसू पुसून टाकलं.

शेवटी ठरलं ते असं. कचेरी आपल्या शिक्क्याच्या कागदावर लिहून देणार की उंदीर धरण्याच्या व्यवसायासाठी आयव्ही डार्ग हिला काम दिलं. काम झालं की ठरलेले पैसे. आयव्हीने कागद मागितला तेव्हा प्रॉक्टरबाई म्हणाल्या, आधी काम. आयव्ही म्हणाली, आधी कागद. कागद आधी आला.

त्याच आठवड्यात तिने कचेरीची हिरवळ गुडघ्यांवर पालथी घातली. भत्त्याच्या रांगेतली माणसं कठड्याला टेकून बघत. कुणी चहा आणून देई, कुणी आपल्या परसातलं सांगे. जांभळ्या सोफ्यांवर कधी नव्हती एवढी गंमत त्यांना बाहेर मिळत होती. आयव्ही त्यांच्यावर खेकसे, "चला, चला, उजेड अडवू नगा." पण गोचिडं वगैरे शब्द तिच्या तोंडून आता निघत नव्हते.

हिरवळ साफ झाली. आयव्ही पैशाला गेली.

"महिनाभर लागेल," प्रॉक्टरबाई म्हणाल्या. "आधी तुमची नोंदणी, मग मंजुरी, मग वरून…"

"बरं," आयव्ही म्हणाली. तिने वाद घातला नाही. ती गाडीकडे गेली, हिरवळीत धरून टोपलीत ठेवलेले सगळे उंदीर काढले आणि कचेरीच्या लोखंडी कठड्यावर एकामागून एक टांगले. सरकारी चिन्हाच्या फलकाखाली, रस्त्याकडे तोंड करून, ओळ अगदी सरळ.

प्रॉक्टरबाई धावत आल्या. "हे काय चालवलंय!"

"पद्धत हाय आमची. मोजून पैसं मिळाल्याबगार उतरवत न्हाईत. महिना तर महिना, मला घाई न्हाई."

"वास सुटेल!"

"सुटंल की."

दुसऱ्या दिवशी कठड्यावर कावळे आले. तिसऱ्या दिवशी शाळेची पोरं. गावातला फोटोवाला कॅमेरा घेऊन आला तेव्हा प्रॉक्टरबाईंनी स्वतःच्या हाताने पैसे आणून दिले. कुठल्या खात्यातून काढले देव जाणे. आयव्हीने बाईंना एकेक उंदीर मोजायला लावला. बाई नाकाला रुमाल लावून मोजत होत्या आणि त्यांची मोजणी बरोबर आली. मेटकाफपेक्षा सरकारचं गणित चांगलं, हे आयव्हीने त्याच दिवशी गुत्त्यात सगळ्यांना सांगितलं.

शिक्क्याच्या त्या कागदापुढे टोबीला निकाल बदलावा लागला. आयव्ही डार्ग, व्यवसाय: उंदीरधरी. नियमित, व्यवस्थित, नफ्यासाठी. कोंबड्यांचा कारखाना टळला. तिने तो कागद घरी नेला आणि आईच्या सापळ्यांच्या पेटीत ठेवला. मेटकाफ मार्चमध्ये दोनदा फोन करून म्हणाला की खालच्या कुरणात ढीगच ढीग झालेत. आयव्हीने दोन्ही वेळा त्याला सांगितलं की हल्ली नाद सुटला. पुढे गवतकापणीला त्याची पाती मोडली तेव्हा अख्खं खोरं हसलं.

महिना संपल्यावर कमाई कळवायची असते. आयव्हीने कळवली. कचेरीने दिलेले पैसेसुद्धा कळवले, एक पेनी लपवली नाही. चोरी करायची तिची रीत नव्हती.

थोड्याच दिवसांत टोबीचा फोन आला. "मिस डार्ग, कठड्याजवळ एक नवा ढीग उठलाय. उद्या साहेब येतायत. बाई फार… पैशाचं मात्र आता मला…"

"पैसं कशाला? साफ म्हनलं हुतं म्या. एक ढीग उठला तरी फुकट यायचं, ही माज्या आयची रीत. आलीच."

ती गेली. शेजारच्या चर्चच्या आवारातून एक उंदीर नव्याने आत शिरला होता. एकच, पण धट्टाकट्टा. बोगदा तिने बोटाने हुडकला, सापळा बसवला, वर माती सारखी केली आणि गाडीत येऊन बसली. दुपारपर्यंत सापडणार, यात तिला शंका नव्हती.

बसल्या बसल्या फोन वाजला. भत्त्याचा महिन्याचा तपशील आला होता. तिने चष्मा लावला. या महिन्यात आपली कमाई वाढल्यामुळे भत्ता कमी करण्यात आला आहे. तिने कापलेली रक्कम पाहिली, मग पुन्हा पाहिली. कचेरीने हिरवळीसाठी जे दिलं होतं, त्यातलं अर्ध्याहून जास्त कचेरीनेच परत काढून घेतलं होतं.

टोबी चहाचा पेला घेऊन तिच्याकडेच येत होता. तिने काच खाली केली.

"का रं पोरा, ह्ये काय? तुमीच दिलं आन तुमीच काढून घेतलं?"

त्याने फोनमध्ये डोकावून वाचलं. "हो, मिस डार्ग. कमाई झाली की भत्ता कापतात. नियमच आहे तसा."

"तुमच्याच दारातलं काम हुतं की. तुमच्याच बाईनं पैसं दिलं."

"पैसे कुणीही दिले तरी कमाई ती कमाई." तो ओशाळला होता. "मला स्वतःला ते… पण नियम आहे."

आयव्हीने त्याच्याकडे पाहिलं. पोरगा वाईट नव्हता. त्याच्या हातात काही नव्हतं आणि डोक्यात जे होतं ते दुसऱ्याने भरलेलं. त्याच्यावर चिडणं म्हणजे कठड्यावर चिडणं. मागे प्रॉक्टरबाई फुलांच्या कडा कात्रीने सारख्या करत होत्या. उद्याच्या फोटोसाठी त्यांनी नवा कोट घातला होता.

आयव्ही गाडीतून उतरली. कठड्याजवळ गेली, गुडघे टेकले आणि माती बाजूला केली. सापळा रिकामा होता. बोगद्यात अगदी आत, कुठेतरी हाताच्या अंतरावर, माती हलल्याचं तिच्या बोटांना कळलं. तो येत होता. आणखी थोडं थांबली असती तर सापडलाच असता.

तिने सापळा उचलला, चाप मिटला आणि कोटाच्या खिशात टाकला. बोगद्याचं तोंड अलगद झाकलं, वर गवताचा चपटा तुकडा बसवला आणि तळहाताने थापटला. चाळीस वर्षांत तिने असं कधी केलं नव्हतं. तिच्या आईने तर मरताना सुद्धा केलं नसतं. आयव्हीला त्याचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"झालं का?" प्रॉक्टरबाईंनी लांबून विचारलं. "सगळं साफ?"

"साफ," आयव्ही म्हणाली आणि हात झटकले. "एकबी न्हाई ठिवला, बाई."